गाणं पुरं होऊ दे

२०१२ च्या एप्रिलात, जयंतीच्या आधीच्या आठवड्यात, माजलगावात आमच्या घराच्या मागच्या गल्लीत 'जय भीम कॉम्रेड' दाखवला. दोन बांबूंना ताणून बांधलेली पांढरी चादर, कुणाच्या तरी क्लासेसमधून आणलेला प्रोजेक्टर, आणि मिरवणुकीसाठी भाड्यानं आलेल्या स्पीकरांपैकी दोन. कारखान्यांचा पट्टा नुकताच पडला होता, ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत आल्या होत्या. त्यामुळे सहा महिने अर्धी रिकामी असलेली गल्ली भरलेली होती. बायका पुढे, पोरं त्याच्याही पुढे, आणि मागे ओट्यांवर म्हातारी माणसं.

माझ्या शेजारी बसलेल्या आबांनी तरुणपणी जलशात ढोलकी वाजवलेली. ते पहिला तासभर काहीच बोलले नाहीत. मग पडद्यावर कबीर कला मंचाची पोरं उभी राहिली, डफ वाजला, आबांचा हात मांडीवर चालू झाला. गाणं रंगात आलं आणि चित्र तुटून दुसरीकडे गेलं, कुणी तरी बोलायला लागलं. आबांचा हात मांडीवर तसाच थांबला. असं तीन-चारदा झाल्यावर ते मला म्हणाले, "गाणं पुरं होऊ देईना बघ हा गडी."

मी तेव्हा दिग्दर्शकाची बाजू घेतली. म्हणालो, "आबा, ही डॉक्युमेंटरी आहे, गाण्याची कॅसेट नाही." आबा गप्प बसले. त्यांना पटलं म्हणून ते गप्प बसले नव्हते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या एका वाक्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून हा लेख.

आनंद पटवर्धनांचा हा चित्रपट सुमारे तीन तासांचा आहे आणि तो बनायला चौदा वर्षं लागली. त्याची सुरुवात एका गायकाच्या मरणापासून होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. मरताना त्यांनी कपाळाला निळं कापड बांधलं होतं. घोगरे हे डाव्या चळवळीतले शाहीर, आव्हान नाट्य मंचात गायलेले. पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या झोपडपट्टीवरच्या चित्रपटातही ते गायले होते. त्या माणसानं शेवटच्या घटकेला लाल सोडून निळं का बांधलं, हा प्रश्न घेऊन कॅमेरा निघतो आणि शीर्षकातल्या दोन शब्दांच्या मध्ये जी जागा आहे तिथे चौदा वर्षं फिरत राहतो.

पुढे खटल्याच्या तारखा आहेत, गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये झालेली जन्मठेप आणि पाठोपाठ मिळालेला जामीन आहे, खैरलांजी आहे. चित्रपटाबद्दल बहुतेक लिहिलं गेलं ते या बाजूनं. ते योग्यच आहे. पण आबांच्या शेजारी बसून पाहिल्यावर मला तो वेगळाच दिसायला लागला. तो मला गाण्याचा चित्रपट वाटायला लागला. मराठीत गाणाऱ्या माणसांचे प्रत्यक्ष कार्यक्रम, त्यांचं घर, त्यांचे श्रोते आणि त्यांची किंमत, हे सगळं एकाच ठिकाणी धरून ठेवणारं इतकं मोठं दुसरं चित्रण मला माहीत नाही.

गाण्याचा चित्रपट कसा करायचा याचे जगात ठरलेले रिवाज आहेत. त्यातला एक नमुना मी याच काळात पाहिला होता. औरंगाबादला शिकणाऱ्या भाच्यानं पेन ड्राइव्हवर आणून दिलेला, वेल्समधल्या 'मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स' या रॉक बँडचा 'लाउडर दॅन वॉर'. १७ फेब्रुवारी २००१ रोजी हवानाच्या कार्ल मार्क्स थिएटरात त्यांनी केलेल्या कार्यक्रमाचं हे चित्रण. तिकीट नाममात्र होतं आणि प्रेक्षकांत खुद्द फिडेल कॅस्ट्रो होते. कार्यक्रमाआधी बँडवाल्यांनी त्यांना सांगितलं की आमचा आवाज फार मोठा असतो. त्यावर कॅस्ट्रो युद्धाच्या आवाजाबद्दल जे बोलले, त्यावरून चित्रपटाचं नाव पडलं.

या बँडची गोष्ट बीडच्या माणसाला परकी वाटू नये. ब्लॅकवूड हे त्यांचं गाव, दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यातलं. १९८४-८५ चा खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप मोडला तेव्हा ही पोरं शाळेत होती. खाणी बंद होत गेल्या, आणि त्या मोडलेल्या गावातून १९८६ मध्ये हा बँड उभा राहिला. खाणकामगारांनी स्वतःच्या पगारातून वर्गणी काढून उभारलेली वाचनालयं आणि सभागृहं ही त्या खोऱ्यातली परंपरा. ती या पोरांच्या गाण्यांत पुस्तकी उल्लेखांच्या रूपानं उतरली. १९९६ मधलं त्यांचं 'अ डिझाइन फॉर लाइफ' हे गाणं ग्रंथालयांच्या उल्लेखानं सुरू होतं आणि ते ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. १९९८ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेलेल्या स्वयंसेवकांवरचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री त्यांनी कार्डिफचं मिलेनियम स्टेडियम भरवलं. आणि या सगळ्यावर एका गैरहजर माणसाची सावली आहे: त्यांचा गीतकार आणि गिटारवादक रिची एडवर्ड्स १ फेब्रुवारी १९९५ रोजी बेपत्ता झाला, तो कधीच सापडला नाही. २००८ मध्ये कायद्यानं त्याला मृत मानलं. २००९ मध्ये उरलेल्या तिघांनी त्याच्या मागे राहिलेल्या वह्यांतल्या शब्दांवर अख्खा अल्बम केला.

तर हवानाचा चित्रपट. त्यात गाणी पुरी होतात. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत कुणी मध्ये येत नाही. आबांना हा चित्रपट आवडला असता असं मला आधी वाटलं. पण पुन्हा पाहताना लक्षात आलं की त्यात ऐकणारा माणूस कुठेच नाही. टाळ्या वाजवणारे हात आहेत, अंधारात हलणारी डोकी आहेत. पण त्या थिएटरात आलेली क्यूबन पोरगी सकाळी काय काम करून आली, या इंग्रजी गाण्यातलं तिला काय कळलं, रात्री ती कशानं घरी गेली, यातलं काही म्हणजे काही आपल्याला कळत नाही. श्रोता तिथे नेपथ्यासारखा आहे. राष्ट्रप्रमुख दिसतो. ज्यांच्या नावानं गाणं चाललंय ते कष्टकरी दिसत नाहीत. हा दोष एकट्या या चित्रपटाचा नाही, संगीताच्या बहुतेक चित्रणांचा आहे. स्टेज उजेडात आणि लोक अंधारात, ही मांडणीच तशी आहे.

पटवर्धनांनी ही मांडणी उलटी केली. त्यांच्याकडे गाणं तुटतं, कारण कॅमेरा गाणं ऐकणाऱ्याच्या मागे त्याच्या घरी जातो. कचरा उपसणारा सफाई कामगार, झोपडीच्या दारात बसून भीमाची गाणी म्हणणाऱ्या बायका, गोळीबारात पोरगा गमावलेलं घर. संभाजी भगत वस्तीत गातात तेव्हा गाण्याइतकीच गाण्यांमधली त्यांची बडबड महत्त्वाची असते. लोकांना हसवून, चिमटे काढून, मग हळूच गंभीर करणारी. ही जुन्या जलशातली बतावणी आहे आणि पटवर्धन ती कापत नाहीत. कबीर कला मंचाच्या शीतल साठेला ते स्टेजवर सोडून देत नाहीत, पुण्याच्या कासेवाडीतल्या तिच्या घरी जातात, तिच्या आईसमोर बसतात. गाणारी मुलगी आणि तिची काळजी वाहणारी आई एका खोलीत दिसल्या की, स्टेजवरच्या त्या आवाजाची किंमत घरात कोण मोजतं ते कळतं.

आबांना द्यायचं माझं पहिलं उत्तर हे असं होतं. गाणं अपुरं ठेवून यानं माणूस पुरा दाखवला. हे उत्तर मी बरीच वर्षं स्वतःला देत राहिलो आणि त्यावर खूश होतो. मग कबीर कला मंचाचं जे झालं त्यामुळे ते उत्तर मला टोचायला लागलं.

मंच २००२ मध्ये पुण्यात सुरू झाला, गुजरातच्या दंगलीनंतरच्या दिवसांत. २०११ मध्ये दहशतवादविरोधी पथकानं मंचाच्या दीपक डेंगळे यांना अटक केली. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप आणि यूएपीएची कलमं. बाकीचे भूमिगत झाले. म्हणजे आमच्या गल्लीत चादरीवर ती पोरं गात होती तेव्हा प्रत्यक्षात त्यांना कुठेच उभं राहून गाता येत नव्हतं. जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं डेंगळे यांना जामीन देताना, एखाद्या विचाराशी सहानुभूती असणं म्हणजेच गुन्हा नव्हे, अशा आशयाची भूमिका घेतली. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर आले, आपण निर्दोष असल्याचं सांगितलं आणि अटक करवून घेतली. गरोदर असलेल्या शीतलला जूनमध्ये जामीन मिळाला. माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना तो सर्वोच्च न्यायालयातून मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. साठे आणि माळी यांनी नवयान महाजलसा उभा केला. गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली.

या वर्षांत मंचाबद्दल मी खूप वाचलं, थोडं लिहिलंही. एक दिवस ध्यानात आलं की त्यातल्या कशातच गाणं नव्हतं. फिर्यादी पक्षाला गाण्यातले शब्द हवे होते, आरोप सिद्ध करायला. आम्हाला, म्हणजे बाजू घेणाऱ्यांनाही शब्दच हवे होते, निर्दोषपण सिद्ध करायला. दोन्हीकडे गाणं म्हणजे पुराव्याचा कागद. ताल, सूर, कोरस कुठे उठतो, डफ कुठे थांबतो, हे कुणी विचारलं नाही. आणि याची सवय आम्हाला काही प्रमाणात 'जय भीम कॉम्रेड'नंच लावली. पटवर्धन गाणं जिथे तोडतात तिथे ते बहुतेक वेळा अर्थ पोचल्यावर तोडतात. मुद्दा कळला, आता पुढे. सबटायटल वाचणाऱ्या परदेशी प्रेक्षकाला ते चालतं. आबांना चालत नाही, कारण आबांना अर्थ पहिल्याच ओळीत कळलेला असतो. तो त्यांचाच आहे. ते थांबलेले असतात ते पुढच्या गोष्टीसाठी.

ती पुढची गोष्ट काय, हे आबांनीच मला नंतर एकदा ओट्यावर बसून समजावलं. "हे बघ, पहिलं कडवं सांगायचं असतं. दुसरं पटवायचं. तिसऱ्याला लोक आपसूक झील धरतात. तवा कळतं, गाणं कुणाचं हाय ते." जलशाची सगळी बांधणी या तिसऱ्या कडव्यासाठी असते. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातली गण-गवळण बदलली, आंबेडकरी जलशांनी तोच साचा वस्त्या-वस्त्यांत नेला, १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकानं तो गिरणगावात उभा केला. यातले अमर शेख आमच्या शेजारच्या बार्शीचे. या सगळ्यांच्या गाण्यात झीलकरी हा शोभेचा नसतो. तो समोर बसलेल्या लोकांचा स्टेजवरचा प्रतिनिधी असतो. तो धरतो, मग लोक धरतात.

कबीर कला मंच ऐकताना हे लख्ख कळतं. शीतल साठेचा आवाज खुला, वरच्या पट्टीत गळा न दाबता लागणारा. ती शब्द फेकते पण सूर सोडत नाही. तिच्या मागे उभी पोरं-पोरी एका दमात ओळ उचलतात. आणि हा कोरस सफाईदार नाही, मुद्दाम थोडा खरखरीत आहे, वस्तीतला कुणीही त्यात शिरेल इतका. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली चालीची साधी गोडी त्यात आहे आणि कॉलेजातल्या पथनाट्याची घाईही. काही गाण्यांत ही घाई जास्त होते, घोषणा गाण्याच्या पुढे धावते. हेही म्हणायला हवं. ज्यांच्यावर खटले आहेत त्यांच्या गाण्याला नावं ठेवायची नाहीत, असा एक अलिखित संकेत आमच्यात आहे. मला तो त्यांचा अपमान वाटतो. गाण्याला गाणं म्हणून नावं ठेवता येणं, हा गाणाऱ्याचा हक्क आहे.

आमच्या गावात याच गाण्याचं आणखी एक चित्रण आहे. त्यात पडदा नाही. गाय पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. १९९६ च्या एप्रिलात त्यांचे लोक माजलगावच्या भीमनगरात आले आणि तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. 'परी' या संकेतस्थळानं २०१७ पासून या ओव्या लोकांसाठी खुल्या केल्या, तेव्हा मी माझ्याच गावचे आवाज पहिल्यांदा मोबाईलवर ऐकले. त्यात स्टेज नाही, डफ नाही, टाळ्या नाहीत. एक बाई म्हणते, दुसरी धरते. मागे वस्तीची चाहूल. ओवी पुरी होते, मग दुसरी सुरू होते. कुणालाही कुठेही जायची घाई नाही. मुद्रण करणाऱ्यांनी बायकांना विचारून ओवी ओवी लिहून घेतली, गाव नोंदवलं, गाणारीचं नाव नोंदवलं.

हवानाच्या चित्रणात गाणं पुरं आहे आणि ऐकणारा नाही. पटवर्धनांच्या चित्रणात ऐकणारा पुरा आहे आणि गाणं तुटलेलं आहे. भीमनगरच्या मुद्रणात म्हणणारी आणि ऐकणारी एकच, म्हणून तिथे हा पेच पडलाच नाही. पण तिथेही एक उणीव आहे. त्या ओव्या एका दुपारच्या आहेत. त्या बायकांचं त्याआधीचं आणि नंतरचं जगणं त्या फितीत नाही. ते पकडायला पटवर्धनांसारखी चौदा वर्षं घालवावी लागतात. सगळं एका हाती येत नाही, हे मान्य करून मी पटवर्धनांच्या बाजूनं एवढंच म्हणेन: विलास घोगरे गेले तेव्हा त्यांचं जिवंत गाणं दाखवायला १९८५ चं ते चित्रण होतं, कारण तेव्हा कुणी तरी त्यांच्या झोपडपट्टीत कॅमेरा नेला होता. रिची एडवर्ड्सच्या मागे वह्या राहिल्या आणि त्या वह्यांना चाल लावणारे तीन मित्र राहिले. घोगऱ्यांच्या मागे ही काही मिनिटं राहिली आणि त्यांच्यावर चौदा वर्षं खर्च करणारा एक माणूस. हे थोडं नाही.

तरी आबांचं म्हणणं मी आता खोडणार नाही. 'जय भीम कॉम्रेड' मोठा चित्रपट आहे, आणि त्यात गाणी तोडली आहेत. दोन्ही खरं आहे. त्या चौदा वर्षांत चित्रित झालेले पुरे कार्यक्रम कुठे साठवलेले असतील, तर ते न कापता, निवेदन न घालता, एकामागून एक लोकांसमोर यावेत, अशी माझी मागणी आहे. खटल्यासाठी नको, बचावासाठी नको. ढोलकी शिकणाऱ्या पोरांसाठी.

कारण ती पोरं आहेत. गेल्या जयंतीला आमच्या गल्लीत डीजे होता, घराच्या काचा थरथरत होत्या. त्याला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. सहा महिने कोपीत राहून, उचल फेडून आलेल्या माणसाला एक रात्र छाती भरून आवाज हवा असेल तर तो त्याचा आहे. पण मिरवणूक पुढे गेल्यावर मागच्या ओट्यावर तीन पोरं आबांची जुनी ढोलकी घेऊन बसली होती. मोबाईल समोर ठेवलेला, त्यावर मंचाचं कुठलं तरी दोन मिनिटांचं तुकडेबाज चित्रण. ते संपलं की पुन्हा लावायचे. तिसऱ्या कडव्याचा ठेका काही केल्या त्यांना सापडत नव्हता, कारण चित्रण त्याच्या आधीच संपत होतं. आबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी ढोलकी मांडीवर ओढली आणि म्हणाले, "बंद करा रे ते. ऐका."